बाबा आमच्याकडे राहत नाहीत

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये व्हर्लीन आणि मी एकत्र राबायचो. बाई तोंडाची भलतीच फटकळ. मुख्याध्यापकांनाही सुनवायची, "सर, बीन्स संपल्या. आता भाषण खा." पण तिची लेक शॅना अंथरुणाला खिळली आणि हिची बडबडच बंद झाली.

आठ वर्षांची पोर, हृदय जन्मापासून कमजोर. क्लेटनच्या, म्हणजे व्हर्लीनच्या नवऱ्याच्या, कंपनीचा विमा दहा लाख डॉलरपर्यंतच चालायचा. तो दोन ऑपरेशनांत आटपला. आता नवं हृदय बसवायचं होतं, आणि ते मिळेपर्यंत दवाखान्यात पडून राहायचं. नुसत्या पडून राहण्याचा आकडा ऐकूनच मला घाम फुटला. गरिबांसाठीचा सरकारी विमा मिळाला असता, पण क्लेटनचा पगार त्यांच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त. पोरीसाठी मर मर जादा पाळ्या करत होता, तेच नडलं.

त्या विम्याच्या कचेरीतला माणूस हळूच म्हणाला, "नवरा घरात नसता तर जमलं असतं बघा."

झालं. गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या जोडप्यानं काडीमोड घेतला. क्लेटन भावाच्या गॅरेजात राहायला गेला. अंधार पडला की मागच्या दारानं यायचा, शॅनाला औषध पाजून निजवायचा. आणि व्हर्लीननं पोरीला पढवलं.

"कुणी विचारलं, बाबा कुठंयत, तर?"

"आमच्याकडे राहत नाहीत. कधीच येत नाहीत."

"शहाणी माझी बाय."

सरकारी विमा मिळाला. मग मी माझ्या गाडीतून दोघींना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाच्या यादीत नाव घालायचं की नाही, हे तिथली समिती ठरवायची. समितीची बाई म्हणाली, "ऑपरेशननंतर औषध एक वेळही चुकून चालत नाही. सांभाळायला दोन मोठी माणसं लागतात. तुमच्याशिवाय दुसरं कोण?"

"तिचे वडील येतील," व्हर्लीन म्हणाली. "रोज येतील."

बाई शॅनाकडे वळली. "हो का गं? येतात बाबा?"

पोर ताठ बसली. "बाबा आमच्याकडे राहत नाहीत. कधीच येत नाहीत." आणि मग मनचंच जोडलं, "मी त्यांना आवडत नाही."

काडीमोड नावापुरता, पोरीला पढवलंय, हे व्हर्लीननं खरं सांगावं तर विमा जाणार, आणि विम्याशिवाय यादीत कोण घेतंय? कुणाच्या थोबाडीत द्यावी तेच मला कळेना, कारण ती समितीची बाईसुद्धा डोळे पुसत होती.

परतताना शॅना मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, शेवटचं मी माझ्या मनानं सांगितलं. बरोबर ना?"

"अगदी बरोबर, राणी."

समितीनं नाही म्हटलं. थंडी पडायच्या आत शॅना गेली.

अंत्यविधीला क्लेटन आला, तेव्हा चर्चमधल्या बायका त्याला बसायला जागा द्यायला हलल्या नाहीत. आजारी पोरीला टाकून गेला आणि आता आलाय तोंड दाखवायला, असं त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या. तो दाराशीच उभा राहिला. व्हर्लीननं मागं वळून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं बाहेर आलं असतं, तर सरकारनं भरलेली दवाखान्याची सगळी बिलं दोघांच्या डोक्यावर आली असती.