पाचव्या टपरीचा नमुना

पेठ रोडच्या कडेला तेव्हा मटणाच्या सात-आठ पत्र्याच्या टपऱ्या होत्या. पाचवी मामांची. मामा म्हणजे आमचे खाटीक, नात्याचे कोणी नाहीत. माझे वडील, अण्णा, दर रविवारी सकाळी सातला डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे आणि नऊच्या आत परतायचे नाहीत. अर्धा किलो मटणाला दहा मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ गप्पांचा. कचेरीतून निवृत्त झालेले अण्णा घरात कामापुरतंच बोलत. तिथे मात्र ते उलट्या क्रेटवर बसून मांडीवर थापा मारत हसायचे.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मला प्रकल्प मिळाला, उघड्यावर विकल्या जाणाऱ्या कच्च्या मांसातले जंतू. मी सगळ्या टपऱ्यांवरून नमुने घेतले. मामा म्हणाले, "घे पोरी, तुझ्या अभ्यासाला लागत असंल तर." मी त्यांच्या लाकडी ठोकळ्यावरून, सत्तुरावरून आणि हात पुसायच्या फडक्यावरून कापसाचे बोळे फिरवले.

जंतू सगळीकडेच निघाले, पण पाचव्या टपरीचा नमुना वाढवलेली काचेची बशी हिरव्या चकाकत्या ठिपक्यांनी भरून गेली होती. हे जंतू आतड्यातून, विष्ठेतून येतात. ती बशी पाहून मला आधी आनंद झाला, प्रकल्प चांगला होणार म्हणून. आज ते सांगायला लाज वाटते.

त्याच उन्हाळ्यात अण्णांना रक्ताचा आजार निघाला. औषधांनी अंगातली ताकद गेली आणि डॉक्टरांनी संसर्गापासून जपायला सांगितलं. मी जाहीर केलं, मटण बंद.

"शिजवल्यावर मरतात ना गं ते?" अण्णांनी विचारलं.

"मरतात. पण कच्चं चिरताना ओट्यावर, सुरीवर राहतात, तिथून कोशिंबिरीत जातात. तुम्हाला आता साधे जुलाबही झेपायचे नाहीत."

"मग आणत नाही. नुसता बसून येतो."

"नको अण्णा."

त्यांनी वाद घातला नाही. पण रविवारी सातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत बसून राहायचे. आई चहा ठेवायची, तो निवून जायचा. असे दोन महिने गेले.

शेवटी मीच मामांकडे जाऊन अण्णांच्या आजाराचं सांगितलं. नमुन्यात काय निघालं ते तर त्यांना अजून सांगितलंच नव्हतं, तेही सांगितलं. ऐकून त्यांनी फडकं उचलून पाहिलं.

"रोज धुतो मी हे."

"कशात?"

त्यांनी बादलीकडे बोट केलं. सकाळी भरलेलं तेच पाणी, त्यातच सत्तूर, त्यातच हात. आतडीही त्याच ठोकळ्यावर साफ व्हायची.

"माझ्यापायी आजारी पडलं का अण्णा?" मामांनी हळूच विचारलं.

"नाही मामा. त्यांचा आजार वेगळा आहे."

मग मी काय काय बदलता येईल ते सांगितलं.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. धुतलेला शर्ट घालून मामा उभे, हातात मटणाचा डबा. "पहिल्याच बकऱ्याचं हाय. ठोकळा उकळत्या पाण्यानं घासला. आतड्याला सुरा, पाट दुसरा केला. फडकं टाकून दिलं. तुला तपासायचं तर तपास."

मी तपासलं नाही. कुकरला चार शिट्ट्या जास्त दिल्या, ओटा आणि सुरी गरम पाण्याने धुतली. दीड तास ते दोघं गॅलरीत बोलत बसले होते. कांदा-खोबरं भाजताना मला अण्णांचं हसू ऐकू आलं आणि मी गॅस बारीक करून तशीच उभी राहिले. अण्णांनी दोन फोडी खाल्ल्या, काळ्या मसाल्याचा रस्सा भाकरीने पुसून घेतला आणि म्हणाले, "मामांना अजून वाढ." त्यांना काही त्रास झाला नाही.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले, त्याच आजाराने.

पुढे रस्ता रुंद झाला, टपऱ्या उठल्या. मामा वणीकडे लेकीच्या गावी गेल्याचं कळलं. मी आता अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत असते. मटण काचबंद दुकानातून आणते. ते स्वच्छ असतं, आणि तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. जंतूंबद्दल मी चुकले नव्हते. पण हात धुवायला लावून, चार हात लांब बसवून मी अण्णांना तिथे जाऊ देऊ शकले असते. ते दहा-अकरा रविवार मला परत हवे आहेत.

गेल्या महिन्यात कामासाठी वणीला गेले, तेव्हा बाजारात मामांची चौकशी केली. दोघांना माहीत नव्हतं. तिसरा म्हणाला, "म्हातारं व्हय? लेकीनं घर बदललं, कुठं ऱ्हातात काय ठाव नाय." मला मामांना एवढंच विचारायचं होतं की त्या सकाळी अण्णा नेमकं कशाला हसले.