हवी का, असं विचारल्यावर

म्युनिकला शिकायला गेले तेव्हा सुरुवातीला मी चुलतभावाच्या मित्राकडे उतरले होते. ते गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनीयर. त्यांना मी दादा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. हॉलमधला सोफा ही माझी जागा. त्यांच्या शाळकरी मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. सोफ्यावर पसरून कार्टून बघायची तिची सोय माझ्यामुळे गेली होती आणि त्याचा राग ती लपवत नव्हती. घरात तेवढी एकच प्रामाणिक.

वहिनींचे सासू-सासरे सांगलीहून यायचे होते. ते यायच्या आत मला खोली शोधायची होती. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण वहिनी रोज संध्याकाळी ‘काही जमलं का गं?’ असं विचारायच्या, त्यात सगळं आलं.

जमत काहीच नव्हतं. मी लेक्चरला बसायचे आणि बाकाखाली फोन धरून खोल्यांच्या जाहिरातींना मेसेज पाठवायचे. बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. आईला फोनवर मात्र सांगायचे, ‘मजेत आहे.’ कसली डोंबलाची मजा! एस-बानमधून, म्हणजे तिथल्या लोकलमधून परतताना इमारतींमध्ये दिवे लागलेले दिसायचे आणि मला चक्क राग यायचा. एवढी घरं, आणि त्यातल्या एकाही घरात मला जागा नाही.

शेवटी एका फ्लॅटमधून बोलावणं आलं. दोन मुली आणि एक मुलगा मिळून राहत होते, त्यांची एक खोली रिकामी झाली होती. तिथे अशी खोली नुसती बघायची नसते, स्वतःलाही दाखवायचं असतं. थोडक्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोहे समोरचे करणार. मी चांगला कुर्ता घातला, दाराशी बूट काढले, हसले.

खोली छोटी होती. खिडकीखाली टेबल, बाहेर मागचं अंगण आणि सायकली. दार लावून घेता येईल अशी ती जागा बघून मी मनातल्या मनात माझी पुस्तकं त्या टेबलावर मांडलीसुद्धा.

त्यांच्यातल्या उंच मुलीने विचारलं, ‘लाल भोपळ्याचं सूप केलंय, घेणार?’ सकाळपासून माझ्या पोटात एक केळं होतं. मी म्हटलं, ‘नको नको, जेवून आलेय.’ पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. पुन्हा आग्रह होतो, मग ‘अगदी थोडंसं’ म्हणायचं. ‘ओके,’ ती म्हणाली, आणि तिघंही माझ्यासमोर बसून सूप प्यायली.

मग मुलाने सरळच विचारलं, ‘तुला ही खोली हवी आहे का?’

हवी म्हणजे काय, जीव जडला होता माझा! पण तोंडातून निघालं, ‘तुम्हाला सोयीचं असेल तर. घाई काही नाही. माझ्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल, तर आधी त्यांना द्या.’ किती समजूतदार मुलगी आहे, असं आता ते म्हणत असतील, या आनंदात मी परत आले.

दोन-तीन दिवसांनी मेसेज आला. ‘तू छान आहेस, पण तुला खोलीत फारसा रस वाटला नाही. नंतर एक मुलगी आली, तिने हवीच आहे म्हणून सांगितलं. तिला दिली.’ विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मी तो वाचला आणि तिथेच रडले. कुणी बघितलं नाही. तिथले लोक रडणाऱ्याकडे बघत नाहीत, ते बरंच.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. ‘जाऊ दे गं,’ त्या म्हणाल्या. ‘तर मग, राहा ना अजून थोडे दिवस इथेच. आई-बाबा आले तरी काय, अ‍ॅडजस्ट करू. आम्हाला काही प्रॉब्लेम नाही.’

मला नुकतीच अद्दल घडली होती. यापुढे हवं ते तोंडाने मागायचं, असं मी त्या दुपारीच ठरवलं होतं. म्हणून मी लगेच म्हटलं, ‘हो वहिनी, राहते. मला खरंच राहायचंय.’

लाटणं थांबलं. वहिनींनी दादांकडे पाहिलं, दादांनी फोनमध्ये. ‘म्हणजे, बघू ना,’ दादा म्हणाले. ‘आईचे गुडघे दुखतात गं, तिला खाली झोपता येत नाही.’ माणसं वाईट नव्हती. वहिनी म्हणायचं म्हणून म्हणाल्या होत्या आणि मी नको म्हणेन, अशी त्यांची खात्री होती. इतकी वर्षं मीही तेच तर करत आले होते.

‘नाही हो वहिनी, गंमत केली,’ मी म्हटलं. ‘एका मैत्रिणीकडे सोय होतेय माझी.’ कसली मैत्रीण! त्या शहरात या घराबाहेर मला कुणीही ओळखत नव्हतं.

‘नक्की ना?’ वहिनींनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत पोळी तव्यावर टाकली.