दयानंदने न केलेली सही

दयानंद कांबळे गेल्याची बातमी मला कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. शेठनी टाकली होती. फुलांची चौकट, जोडलेले हात आणि खाली हिंदीत, ‘हमारे परिवार के सदस्य’. शेवटची दोन वर्षं परिवाराच्या या सदस्याला त्यांनी खोकी चिकटवायला बसवलं होतं. माझं डोकं फिरलं... आणि मीही खाली जोडलेले हातच टाकले.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, एलईडी दिव्यांचा. दयानंद लातूरकडचा, डिप्लोमा झालेला. दिव्याला हवा तेवढाच करंट देणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तो बनवायचा. ‘ड्रायव्हर बनवतो’ म्हटल्यावर गावाकडचे विचारत, गाडी कुठली? “गाडी शेठची, मी नुसता करंट देतो,” असं तो सांगायचा. मी रत्नागिरीचा सावंत, तयार माल तपासणारा. सतरा वर्षं आमचे डबे एकत्र उघडले. नवा दिवा तो तासभर पेटता ठेवायचा आणि त्याच्या पाठीला उलटा हात लावून बघायचा, पोराचा ताप बघतात तसा.

दिव्यात बारीक एलईडींच्या चार ओळी असत. प्रत्येक ओळीचा करंट सांभाळायला दयानंद वेगळा भाग ठेवायचा. इमारतींच्या जिन्यांसाठी मोठी ऑर्डर आली तेव्हा शेठनी ते भागच काढायला सांगितले. चारही ओळी एकत्र जोडा, काम खतम.

“शेठ, एक लाइन गेली की तिचा करंट बाकीच्यांवर पडणार,” दयानंद म्हणाला. “त्या तापणार, मग दुसरी जाणार. जिन्यात अंधार झाला तर म्हातारी माणसं पडतील.”

“दयाभाई, गॅरंटी एक साल की है ना? साल निकल जायेगा.”

तपासणीच्या कागदावर दोन सह्या लागायच्या, बनवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दयानंदने पेन खाली ठेवलं. मी उचललं. मुलीचं कॉलेज, माझं वय... कारणं मला आजही तोंडपाठ आहेत. त्याच्या सहीची जागा कोरी ठेवून शेठनी माझ्या एका सहीवर माल पाठवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगला टाकलं. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता डबा घेऊन वेगळा बसायला लागला. दोन वर्षं मी ‘उद्या बोलू, उद्या बोलू’ करत राहिलो, आणि एका सकाळी त्याचं हृदय बंद पडलं.

जलदान विधीनंतर आठवड्याभराने त्याच्या घरी गेलो. खोलीत त्यानेच बनवलेला दिवा लागला होता. त्यातली एक ओळ बंद होती. बाकीच्या तीन पहिल्यासारख्याच शांत, ना जास्त ना कमी.

“भाऊजी, ती एक लाइन गेलीय, सवडीनं बदलून द्या,” चहा ठेवत वहिनी म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, “ह्यांना पॅकिंगला टाकलं तेव्हा मला लय लागलं होतं. पण ते म्हणायचे, मी एकटा नाही, सावंतनंपण सही केली नाही. तेवढाच आधार वाटायचा बघा. खरंय ना?”

माझी अब्रू राखायला तो खोटं बोलला, की आपण एकटे पडलो हे बायकोला कळू नये म्हणून? विचारायला आता तो नाही. मी “हो” म्हणालो. वर चहाही सगळा प्यायलो.

वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, म्हणून इथे लिहितोय. त्या कागदावर माझी सही आहे. हे वाचूनही दिवा दुरुस्त करायला बोलावलंत, तर येईन.