लोखंड्याचे तीन फेरे

हैबतीला माणसं आवडत नसत आणि माणसांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. वरंधच्या वरच्या अंगाला त्याची सतरा उंबऱ्यांची वाडी. त्यातला एक उंबरा त्याचा स्वतःचा. पंधरा घरांशी बोलणं बंद. राहिलं चुलतभाऊ कुशाबाचं घर. त्याच्याशी मात्र रोज बोलणं होई, कारण भांडायचं तर बोलावं लागतं. दोघांच्या अंगणांमध्ये दगडांचा कमरेएवढा गडगा होता. तीस वर्षांतली सगळी भांडणं त्यानेच ऐकलेली.

२००२ च्या चैत्रात, भाताच्या रोपांची जागा भाजायला ऐनाचा टहाळ तोडताना हैबती झाडावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. महाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत सळी घातली. घरी सोडताना बजावलं की पायाला वाळूची पिशवी बांधून सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा, नाहीतर सळी राहील आणि पाय जाईल. हैबतीने हे निमूट ऐकलं, कारण डॉक्टर तेव्हा टाके काढत होते.

बायकोने, रंगूबाईने, जुन्या पॅंटचा पाय कापून पिशवी शिवली. हैबतीने ती उशाला घेतली. बाप्या गड्याने खाटेवर उताणं पडून तान्ह्या पोरासारखं पाय झाडायचं, हे त्याला काही पटेना. पावसाळा असाच गेला. मांडी सुकून मनगटाएवढी झाली, जीभ तेवढी तजेलदार राहिली.

दसऱ्याला गावकी बसली. महाशिवरात्रीनंतर महाडला विरेश्वराचा छबिना भरतो. गावोगावच्या उंच, सजवलेल्या काठ्या देवाच्या भेटीला येतात आणि तिथे नाचतात. या वाडीची काठी नाचवायचा मान हैबतीच्या घराकडे आजापासून चालत आलेला. नेम असा, की मानकऱ्याने कमरेच्या शेल्यात काठीचा बुंधा रोवून तीन फेरे नाचायचे. काठी दुसऱ्याच्या हाती गेली की मानही त्याच्या घरी गेला. कुशाबाने आपल्या दीपेशचं नाव पुढे केलं. दीपेश मुंबईला कामाला, रोज जिममध्ये लोखंड उचलणारा. कुशाबा म्हणाला, आमच्या पोराच्या हातात लोखंड हाय, ह्याच्या मांडीत. ज्यांच्याशी हैबतीचं बोलणं नव्हतं तेही हसले, म्हणजे सगळेच. शेवटी ठरलं की छबिन्यालाच बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा गडग्यावर कोपर टेकून उभा राहिला.

"काय रे लोखंड्या, गंज चढला काय?"

हैबती ओटीवरच्या खाटेवर उठून बसला. उशाखालची पिशवी काढली आणि रंगूबाईपुढे पाय केला.

त्या दिवशी पाय दहा वेळा उचलला गेला, तोही शिव्या मोजत. मग कुशाबा रोज यायचा. खाटेचा सातबारा आता ढेकणांनी नावावर करून घेतला असेल, म्हणायचा. काठी नाचवण्याआधी स्वतः उभा राहून दाखव, म्हणायचा. दर टोमण्याला पाय पाच वेळा जास्त उचलला जाई. मार्गशीर्षात हैबती कुबडी टाकून ओढ्यापर्यंत जाऊन आला. डॉक्टरांनी शाबासकी दिली. ती त्याला मुळीच आवडली नाही.

कुशाबा मूर्ख नव्हता. पौषात त्याच्या ध्यानात आलं की ह्याला उभा केला तो आपणच. त्याने एकदम सूर बदलला. "जपून रे हैबती. जीव हाय तर सगळं हाय. काठी काय, कोण पण नाचवील." वर कुळथाची पिठी पाठवली. तीस वर्षांत हैबतीशी असं कोणी बोललं नव्हतं. त्याला भरून आलं. त्याने पिठी ओरपली आणि आडवा झाला. आठ दिवस पिशवी पुन्हा उशाला.

नवव्या दिवशी भाकरी थापता थापता रंगूबाई म्हणाली, "तुमच्या भावाला तुमचं बरं बघवतंय, असं आजवर कवा झालंय?"

हैबतीचा घास तोंडातच राहिला. त्या दुपारी पिशवीत दुप्पट वाळू पडली आणि पिठीची वाटी गडग्यावरून भिरभिरत परत गेली.

छबिन्याला त्याने काठी घेतली. पहिला फेरा बरा झाला. दुसऱ्यात मांडी लटलटू लागली. कुशाबा शेजारून चालत होता, मागे दीपेश बाह्या सारून तयार. कुशाबा अगदी मायेने म्हणाला, "दमलास रे. दे आता. त्यात कमीपणा नाय."

"शिवी घाल," हैबती दातांतून म्हणाला.

"ती कशाला? तू माझा भाऊ."

तिसऱ्या फेऱ्याला गुडघा वाकला. काठी कलली, दीपेशचे हात वर झाले. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून रंगूबाई पुढे घुसली. एकतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला 'अवो'शिवाय हाक मारली नव्हती. ती साऱ्या गावापुढे कडाडली, "ए लोखंड्या, गंज चढला काय रे?"

गुडघा सरळ झाला. हैबतीचे डोळे असे पेटले की दीपेश दोन पावलं मागे सरला. तिसरा फेरा पुरा झाला तो देवासाठी नव्हे, फेरा संपल्यावर बायकोला गाठायचं म्हणून. पण संपल्यावर त्याला खाली बसवावं लागलं आणि उठवायला तीच होती.

मान घरात राहिला. कुशाबाने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. हैबतीने रंगूबाईशी टाकलं. म्हणजे आता सतराही घरं झाली.

पिशवी मात्र रोज सकाळी पायाला असते, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तीन फेरे आहेत. उचलता उचलता तो मध्येच थांबला, की रंगूबाई चुलीपाशी नुसती खाकरते. खाट पुन्हा करकरायला लागते.