छत्रीवाल्याची सोयरीक

आमचा दत्ताराम दिसायला वाईट नाय हो. नाक सरळ, दात सगळे जाग्यावर. पण पोलादपूरच्या बाजारात दहा वर्षं फोटोचं दुकान चालवूनसुद्धा त्याचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहत नव्हता. कायम आपला कॅमेऱ्याच्या मागं. मी सख्खी मावशी, तोंडावर सांगायची, "दत्त्या, तुझ्यापेक्षा तुझी छत्री जास्त ओळखीची हाय."

छत्री म्हणजे पावसातली नव्हे. पांढरी, पातळ, उजेडासाठी असते ती. वरच्या वाड्यांवर तेव्हा वीज नव्हती. आणि तिथं फोटोवाल्याला बोलावणं यायचं ते एकाच कामाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं अन्न सोडलं की. मेल्यावर भिंतीला लावायला फोटो नको? उभ्या जन्मात एक काढलेला नसायचा. म्हातारं चुलीजवळ अंधारात पडलेलं, बाहेर आणायची सोय नाय. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मारला तर तोंड पिठात घातल्यासारखं आणि मागं भिंतीवर काळी सावली. म्हणून दत्ताराम बॅटरीवरचा मोठा फ्लॅश, स्टँड आणि छत्री असं सगळं खांद्याला लावून दोन-दोन तास चढायचा. छत्रीतून आलेला उजेड मऊ पडतो म्हणे. पडायचाच. फोटो बघून लेकी रडायच्या.

पण वाटेत बायकांनी त्याला पाह्यलं की दारं लोटून घ्यायच्या. "छत्रीवाला चाललाय गो, कुणाकडं?" चहाला कुणी बोलवायचं नाय. दुकानामागच्या खोलीत एकटाच भात टाकून खायचा, तेहतीस वर्षांचा घोडा.

नव्व्याण्णवच्या संक्रांतीनंतर मी त्याची सोयरीक काढली. वरंधच्या वरच्या धनगरवाडीतली आवडी. बाप नाय, घरात आई राहीबाई आणि आजा नाथूबाबा, ऐंशीचा. आम्ही सांगितलेलं, मुलाचं बाजारात दुकान हाय. कसलं ते त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय. मुंबईच्या त्याच्या थोरल्या बहिणीला पोरीचा फोटो पायजे होता, आणि पोरीचा एकपण फोटो नव्हता.

आदल्या दिवशी मी दुकानात गेले तर ह्यानं टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं आणि समोर बसलेला.

"मावशे, नुसतं थर्माकोल नेतो. दारातनं ऊन येतं, ते ह्याच्यावर घेऊन तिच्या तोंडावर टाकीन. हलकं हाय."

"आणि ढग आलं तर? दाराला पडवी असली तर?"

"छोटा फ्लॅश असतोच."

"त्यानं पोरगी भुतावाणी दिसते, तूच सांगतोस. छत्री घे."

"छत्री नको. त्या वाडीवर मी दोनदा गेलोय तिला घेऊन."

"मेल्या, मरणाऱ्यांना मऊ उजेड आणि होणाऱ्या बायकोला थर्माकोल? गोणपाटात गुंडाळ, कुणाला दिसत नाय."

ह्याला नाय म्हणता येत नाय कधी. त्यानं गुंडाळली.

वाडीवर सगळं झ्याक झालं हो. त्याला कुणी ओळखला नाय, चेहरा कुणी बघितलेला असला तर ना! राहीबाईनं चहा दिला, खरवस दिला. दत्ताराम कप दोन्ही हातांत धरून असा पीत होता, जसा काय पहिल्यांदाच चहा बघतोय. आवडी उंच, शांत. दोनदा चोरून बघितलंन तिनं. मी मनात मुहूर्त काढत होते. नाथूबाबा चुलीजवळ घोंगडी घेऊन खोकत होता, मधेच म्हणाला, "पोरगा बरा हाय. कमी बोलतो."

घरात अंधार. मी म्हटलं, "दत्ताराम, काढ रे फोटो." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. त्यानं गोणपाट सोडला, स्टँड उभा केला, छत्री उघडली.

नाथूबाबाचा खोकलाच थांबला.

"राहे! ह्याला कुणी बोलावला?"

"मामंजी, आवडीचा..."

"मी जेवतोय अजून! सकाळी दोन भाकरी खाल्ल्या! आत्ताच भिंतीवर लावताय मला?"

दारात जमलेल्या बायांतली एक म्हणाली, "छत्रीवालाच तो! आमच्या सासूच्या वेळी आलेला," आणि मागं सरली. राहीबाई रडायलाच लागली. मी पुष्कळ बोलले, हसवायला गेले. म्हाताऱ्यानं घोंगडी तोंडावरून ओढून घेतली. आतूनच म्हणाला, "ज्याला बघून लोक दार लावतात त्याच्या घरात माझी नात नाय देणार. न्या ते."

छत्री मिटेना. शेवटी अर्धी उघडीच काखेत मारून तो बाहेर पडला.

आम्ही वाडीखालच्या वळणावर आलो तर मागून आवडी धावत. हातात स्टँड. घाईत राहिलेला.

"हे तुमचं." मग खाली बघून, "हितं ऊन हाय. काढता का?"

चार वाजलेले, उतरतं ऊन सरळ तिच्या तोंडावर. मला फोटोतलं काय कळत नाय, पण इतकं मलासुद्धा कळलं. दत्तारामनं कॅमेऱ्यावर हात ठेवला. वर वाडीच्या कडेला बाया उभ्या होत्या, बघत.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही जावा."

ती वळली. मग गेली, मागं न बघता.

मी खवळले. "दगडा! पोरगी आपण होऊन आली तुझ्याकडं! एक बटण दाबायला काय जात होतं?"

"मावशे, ह्या वाड्यांवर मी काढलेल्यातलं एकपण माणूस आता नाय. त्या बाया उद्यापासनं तिच्याकडं कशा बघतील?"

मी त्याच्या हातातला स्टँड घेतला आणि उतार उतरायला लागले.

वरंधला एसटी मिळाली. माझ्या शेजारी जागा होती, तरी तो पुढं एकटा बसला, सामान मांडीवर. महाड येईस्तोवर मी त्याच्या मानेकडं बघत होते. मी सख्खी मावशी, मला ती मानसुद्धा ओळखीची वाटेना.