बोनेटवरचा डाव

अहो, तिकडे कोपऱ्यात काय बसलात? सरका इकडे. चहा ढोसता नि पळता, म्हातारीचं ऐकायला कुणाला वेळ नाही! आज ऐकाच.

अक्कलकुव्याच्या जीप स्टँडवर माझी चहाची टपरी. मोलगी गावाला जाणाऱ्या जीपवर एक ड्रायव्हर होता. प्रवाशांची शीट भरेपर्यंत तो बोनेटवर बुद्धिबळाचा पट मांडायचा. बोनेटला उतार, सोंगट्या घसरायच्या. बोलता बोलता एका बोटाने तो त्यांना घराच्या मध्ये लोटायचा, स्वतःच्या आणि माझ्याही. "उंट सरकी ऱ्हायना ना, अक्का!"

मला खेळ त्यानेच शिकवला. तीन वर्षं खेळले, एकदाही जिंकले नाही. मी डोकं धरून बसले की म्हणायचा, "इचार कर, घाई नई. आखो दोन शीट बाकी शेतस."

मग नंदुरबारला स्पर्धा निघाली. त्याने जीप बंद ठेवली, इस्त्रीचा शर्ट घातला. "अक्का, माले एकदाव टेबलवर बसीसन जिंकनं शे." हौस म्हणून मीही नाव दिलं. आणि पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर कोण, तर मी!

पंचांनी आधीच बजावलं होतं, हात लागला ती सोंगटी हलवावीच लागेल. तासाभरात माझी दाणादाण उडाली. अजून दोन चाली, की मी मेले. तो विचारात गढला, आणि सवयीने त्याचं बोट वजिराला लागलं. नुसतं मध्ये लोटलं हो! टेबल सपाट होतं, पण बोटाला काय ठाऊक?

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी हात वर करून पंचांना बोलावलं.

वजीर हलला की त्याचा राजा उघडा पडत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. "बराबर शे, अक्का," म्हणाला, आणि वजीर हलवला. मी मात दिली. पुढच्या फेरीत एका शाळकरी पोरीने मला बारा चालींत झोपवलं.

त्यानंतर बोनेटवर पट मांडला गेला नाही. चहा घ्यायचा, हसायचा, आणि चारच शीट असले तरी म्हणायचा, "भरनी जीप, अक्का," नि निघायचा. वर्षभराने जीप विकून सुरतेला गेला. फोन केला की माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी त्या डावाचं नाव काढलं की म्हणतो, "नियम तो नियम."

मग फोन ठेवला की मनातल्या मनात त्याला म्हणते, भाऊ, नियमाचं निमित्त होतं रे. मला जिंकायचं होतं. हे फोनवर बोलवत नाही. लवकर ये, दोन दिवस राहायलाच ये.