बोट चुकलं, पण सर आउटच होते

आत्ताच अमरावतीहून अंजनगावले परत आली. बूटही काढले नाहीत, पण हे सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

मी शाळेत पीटीची मॅडम. आज बेसबॉल अंपायरच्या शिबिराचं प्रॅक्टिकल होतं. रनरले शेवटी जिथं पोचायचं असते, त्या होम प्लेटमागे मी उभी. शिकवणारे मोठे सर स्वतः रनर झाले अन् घसरत प्लेटवर आले. पण त्यांचा पाय प्लेटले लागायच्या आधीच कॅचरनं चेंडूसकट ग्लोव्ह त्यांच्या गुडघ्याले लावला होता. मी ओरडली, "आउट!"

बेसबॉलमध्ये आउटले मूठ दाखवतात. माझं मात्र क्रिकेटसारखं बोट वर गेलं. जन्माची सवय! सगळे खदखदून हसले.

सर उठले. "मॅडम, इशारा चुकला. म्हणजे मी सेफ."

"इशाऱ्याचे मार्क कापा सर. पण तुमी आउट आहा."

"मी कोण आहो, माहीत आहे ना?"

"रनर आहा."

हसणं बंद झालं. सरांच्या पांढऱ्या पॅन्टवर गुडघ्यापाशी ग्लोव्हची काळी माती उमटली होती. ती झटकत ते निघून गेले.

सोबतचे एक मास्तर हळूच म्हणाले, "काहून अडून राहिल्या मॅडम? सर्टिफिकेट त्यायच्याच हातात आहे."

बसमध्ये दर्यापूरपर्यंत मी आउटची मूठ घोटत आली. बाजूची बाई घाबरून सरकून बसली.

सर्टिफिकेट येवो, न येवो. पण त्या कागदासाठी आज सरले सेफ दिलं असतं, तर उद्या मैदानात पोरीयले कोणत्या तोंडानं आउट देऊ?